पाटावरचा चष्मा

माझ्याकडचा जुना माल बघायला अजूनही लोक येतात. 'माल' हा माझा शब्द. ते बिचारे 'संग्रह' म्हणतात. कोर्टातून घरी आलो, चहा झाला, की मी कपाट उघडतो. गेंड्याच्या कातड्याची एक ढाल, दोन पट्टे, बिचवे, सुऱ्या, मोठ्या लढाईवरून परत आलेल्या शिपायांनी बाजारात फुंकून टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या, पितळी बकलांचे कमरपट्टे, वाळवंटातल्या धुळीसाठी केलेले कातडी कडांचे चष्मे. खालच्या फळीवर साधे चष्मे. त्यांत शिंगाच्या चौकटीचे आहेत, दोऱ्याने कानाला बांधायचे आहेत, नाकावर चिमट्यासारखे बसवायचे आहेत. प्रत्येकाची हकीकत मी सांगतो आणि सांगताना थोडं तिखटमीठही लावतो. फक्त एका चष्म्यापाशी आलो की "हा एका वकिलांचा" एवढंच म्हणतो आणि कपाटाचं दार लावून घेतो.

बारा वर्षं हे असंच चाललं आहे. ते वकील आता नाहीत. माझी आई नाही. ज्यांच्यापुढे मान खाली गेली असती ती माणसं संपल्यावर याला कंठ फुटला, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. मी मुळातच कमी बोलणारा. कोर्टात इतकी वर्षं दुसऱ्यांचे कबुलीजबाब स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले. स्वतःचा एकदाही दिला नाही.

एक मात्र आधीच सांगतो. मी सूड घेतला, आणि तो घेताना मला फार बरं वाटलं. पुढे जे झालं त्याने ते बरं वाटणं पुसून गेलं असं लिहिलं, तर ते या कागदावरचं पहिलं खोटं होईल.

माझे वडील एका लहानशा संस्थानच्या पागेत बारगीर होते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. मी चार वर्षांचा असताना वडील गेले. आई मला घेऊन वळसंगला माहेरी आली, आणि तिच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी वडिलांची कट्यार आली. पंजाएवढं पातं, दोन दांड्यांची मूठ, आणि डाव्या दांडीवर एक खोक. ती खोक कशी पडली असं मी विचारलं की आई म्हणायची, "त्यांचं त्यास्नी ठावं." वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कट्यार बाहेर यायची. आई तेलाच्या बोटाने पातं पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. पात्यावर तेल फिरलं की आतून बारीक बारीक लाटा वर यायच्या. लहानपणी मला वाटायचं की त्या पात्यात खरंच पाणी आहे.

पुढे मी शिकलो, सोलापूरच्या कोर्टात कारकून झालो, आईला शहरात आणलं. कागदांच्या निमित्ताने वकीलसाहेबांकडे जाणं होऊ लागलं. तेव्हा ते साठीला टेकलेले. गोरे, उंच, आवाज भरदार. नाकावर चांदीच्या काड्यांचा चष्मा. त्या काड्या एकात एक सरकून लांब-आखूड व्हायच्या. चौकट त्यांच्या आजोबांची होती, आणि तिच्याशिवाय दुसरी ते डोळ्यांना लावत नसत. त्यांच्या बैठकीत चारी भिंतींवर हत्यारं होती. पहिल्या दिवशी मी कागद हातात धरून भिंतींकडेच बघत राहिलो.

"आवडतं का हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे वडिलांची एक कट्यार आहे, साहेब."

"वडील काय करायचे?"

"पागेत बारगीर होते."

"अरे वा! म्हणजे तू शिलेदार!"

बैठकीतले दोघेतिघे हसले. त्या दिवसापासून मी त्या घरात शिलेदार झालो. बारगिराच्या पोराला शिलेदार म्हणण्यातली मेख मला कळत होती. तरी मी जात राहिलो, कारण शिकवायला बसले की ते हातचं राखून शिकवत नसत. पोलादाच्या पोटातल्या त्या लाटांना जौहर म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. जौहर खरं की खोटं हे ओळखण्याची त्यांची एकच रीत होती. पात्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि ती विरत असताना पातं डोळ्यांजवळ धरून पाहायचं. खरं जौहर वाफेखालून हळूहळू वर येतं. तेजाबाने काढलेल्या नकली रेघा वाफ असतानाही ढिम्म तशाच दिसतात. कुणी भिंग पुढे केलं तर ते हात झटकायचे. "भिंग सराफाला. मला फुंकर पुरे."

एका श्रावणात मी आईला न विचारता कट्यार धोतराच्या सोग्याखाली लपवून त्यांच्याकडे नेली. त्यांनी म्यान काढलं, वाफ सोडली. पाहिलं. पुन्हा वाफ सोडली. इतका वेळ पाहिलं की बाहेर टांगा थांबला, उतारू उतरला आणि टांगा निघूनही गेला. मग चष्मा काढून त्यांनी सावकाश पुसला.

"शिलेदार, नाटकाच्या पडद्यावर नदी रंगवतात की नाही? तसं आहे हे. रंगवलेलं."

"खोटी?"

"तुझं मन मोडायला नको वाटतं, पण खोटी. आणि परवाना काढलाय का हिचा?"

"नाही."

"कोर्टातला कारकून आणि बिनपरवान्याचं हत्यार घरात! उद्या कुणी अर्ज टाकला तर लोखंडाच्या तुकड्यापायी नोकरीला मुकशील. असं कर, इथंच ठेवून जा. रिकाम्या हाताने नको जाऊस." आणि त्यांनी कोनाड्यातून शिंगाच्या चौकटीचा, दोऱ्याचा एक जुना चष्मा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या चष्म्यांच्या फळीवरचा हा पहिला चष्मा. मी त्यांचे आभार मानले. वाकून नमस्कारही केला.

घरी आईने पेटी उघडली असावी. मी दारात पाऊल टाकतोय तोच म्हणाली, "कट्यार कुटं हाय?"

"खोटी होती, आई."

"कोन म्हनालं?"

"वकीलसाहेब. त्यांना सगळं कळतं यातलं."

"त्यांनी तुज्या बापाला बगितलं व्हतं का?"

त्या खंडेनवमीला आईने पाटावर विळी मांडली. तिलाच तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. शेजारची बाई डोकावली आणि म्हणाली, "अगं बया, विळी?"

"आमच्या घरात तेवडीच खरी हाय की," आई म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी वकीलसाहेबांकडे गेलो. खंडेनवमीला त्यांच्या बैठकीत सगळी हत्यारं मांडली जायची आणि शहरातली बडी मंडळी बघायला यायची. मधल्या चौरंगावर, लाल कापडावर, झेंडूच्या माळेत, माझ्या वडिलांची कट्यार होती. आम्ही कारकून लोक दाराशी, जोडे काढतात तिथे उभे. तिथूनही डाव्या दांडीवरची खोक मला दिसली.

"काय जौहर आहे हो!" एक गृहस्थ म्हणाले. "कुठून मिळवलीत?"

"एका बारगिराच्या घरातून. घरच्यांना काय चीज आहे याचा पत्ता नव्हता."

"इतकं ढळढळीत असून कळलं नाही त्यांना?"

"कळायला डोळे लागतात," वकीलसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघून त्यांनी भिवई उडवली. "काय शिलेदार?"

आणि मी हसलो. हे मला लिहिलंच पाहिजे. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. त्यांनी मला फसवलं याची आग एकीकडे. पण माझ्या बापाच्या कट्यारीपुढे उभा राहून मी त्यांच्या थट्टेला हसलो, ही आग वेगळी. घरी जाताना मी ठरवलं. डोळे लागतात ना? बरं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे जायचं सोडलं नाही. उलट जास्त जाऊ लागलो. चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हतो; न बोलणाऱ्या माणसाला ते जड जात नाही. मी चष्मे जमवायला लागलो, आणि त्या नादाने साखर पेठेतल्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे बसू लागलो. त्याची गिऱ्हाइकं बहुतेक तेलंगी विणकर. मागावर तुटलेला धागा जोडता जोडता त्यांचे डोळे लवकर उतरतात. त्यांना अक्षरओळख नसायची म्हणून तो अक्षरांचा तक्ता ठेवत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात एक बारीक धागा द्यायचा, डोळ्यांपुढे भिंगामागून भिंग धरायचा आणि विचारायचा, "दारम कनपडतुंदा?" धागा दिसतो का? ज्या भिंगातून धाग्याचे पीळ मोजता येतील तो नंबर. मी त्याच्याकडून हे शिकलो. भिंगांची एक पेटीही मिळवली.

माझ्या नावाचा परवानाही एव्हाना झाला होता. अर्जावर शिफारस वकीलसाहेबांनीच केली होती, हे विशेष.

मग एका आषाढात त्यांच्या हातून चष्मा फरशीवर पडला. चौकट वाचली, दोन्ही भिंगांना तडे गेले. निरोप मलाच आला. "शिलेदार, तू यातला दर्दी. भिंगं बसवून दे. चौकटीला मात्र धक्का नको."

मी पेटी आणि धागा घेऊन गेलो. खिडकीशी बसवून त्यांचे डोळे तपासले. त्यांचा नंबर मला अगदी नेमका सापडला. त्या भिंगातून त्यांनी धाग्याचे पीळ मोजून दाखवले आणि लहान मुलासारखे खूश झाले. ती भिंगं मी कागदात गुंडाळली, आगपेटीत घातली आणि खिशात टाकली. घरी येऊन चांदीच्या चौकटीत दुसरी बसवली, निम्म्याहून कमी ताकदीची. चुकून नाही. घाईत नाही. सगळ्या पेटीतून निवडून.

"जरा अंधुक वाटतं रे," चष्मा लावून ते म्हणाले.

"नवी भिंगं आहेत, साहेब. अंगवळणी पडायला महिना-दोन महिने जातात. तोवर कागद थोडा लांब धरा."

ते कागद लांब धरू लागले. हात लांब केला की मोठी अक्षरं दिसायची. पण जौहर हात लांब करून दिसत नाही.

मंद्रूपच्या बाजारात मला एक पेशकब्ज मिळालं होतं, म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा जाड पाठीचा सुरा. मूठ जुनी, हस्तिदंती, अस्सल. पातं मात्र सपाट साधं पोलाद. ते घेऊन मी बेगम पेठेतल्या शिकलगाराकडे गेलो. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारा. हा माणूस हातात पातं घेतलं की त्याचं गाव सांगायचा.

"यावर जौहर काढून द्या," मी म्हटलं. "मेण लावून, तेजाबाने."

"कायकू साब? अच्छा है जैसा है."

"नाटक कंपनीला हवंय. राजाच्या कमरेला."

तो पोट धरून हसला. "नाटक का राजा जौहर देखता क्या? उसकू तो पन्नी चिपका दिये तो बी चलता!"

पण त्याने काम केलं, आणि फार सुंदर केलं. शेवटी हिराकसाच्या पाण्याने रंगही आणला. कामाची लाज वाटावी असं काम त्याला जमतच नव्हतं.

पुन्हा श्रावण. पुन्हा तीच बैठक. वकीलसाहेबांनी पेशकब्ज बाहेर काढलं, वाफ सोडली, सवयीने पातं डोळ्यांजवळ नेलं, काही दिसेना म्हणून लांब धरलं. पुन्हा जवळ. पुन्हा लांब. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी मूठ बघून हावरेपणा आला, मग गोंधळ, आणि मग गोंधळ गिळून पुन्हा हावरेपणा. वाफ असताना रेघा दिसत होत्या की नव्हत्या, हे त्यांना कळलंच नाही. दिसतंय एवढं पाहिलं आणि बाकीचं मनाने भरून काढलं. त्यांना ते खरं वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसला.

"शिलेदार," ते म्हणाले, "नाटकाच्या पडद्यावर नदी रंगवतात की नाही..."

शब्दाला शब्द. मला वाटलं होतं, ते निदान दुसरी काही उपमा शोधतील. खरं समजून ते मला खोटं सांगत होते, आणि सांगत होते ते अगदी खरं होतं! माझ्या आयुष्यात इतका गोड क्षण दुसरा आला नाही. लग्नातही नाही.

"खोटी?" मी विचारलं. मीही शब्दाला शब्दच ठेवला.

"तुझं मन मोडायला नको वाटतं. पण ठेवून जा. बदल्यात काहीतरी घेऊन जा, चष्मा वगैरे."

"चष्मा नको, साहेब. मागे मी एक खोटी कट्यार ठेवून गेलो होतो. आई तिची आठवण काढते. खोट्याच्या बदल्यात खोटी द्या."

त्यांची पंचाईत झाली. आता तिला खरी म्हणावं तर दोन वर्षांपूर्वीची लबाडी उघडी पडते, आणि खोटी म्हणावं तर ती हातची जाते. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. मग ते उठले, आणि स्वतःच्या हाताने भिंतीवरून कट्यार काढून त्यांनी मला दिली.

"आईची आठवण म्हटल्यावर नाही कसं म्हणू?" ते म्हणाले.

घरी आईने मुठीवरून बोट फिरवलं. खोकेपाशी बोट थांबलं. "आली," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "बदली काय दिलंस?"

"एक सुरा."

"चांगला व्हता?"

"त्यांना चांगला वाटला."

त्या वर्षी आईने कट्यार पाटावर मांडली. पण पाटावरची विळीही उचलली नाही.

खंडेनवमीला वकीलसाहेबांच्या बैठकीत गर्दी होती. एका संस्थानच्या सिलेखान्यावर, म्हणजे शस्त्रागारावर, उभी हयात काढलेले एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम बोलावले होते. मधल्या चौरंगावर, लाल कापडावर, माझं पेशकब्ज. मी दाराशी, जोड्यांजवळच्या माझ्या जागेवर. वृद्धांनी मूठ वाखाणली. मग पात्यावर वाफ सोडली आणि भुवया वर केल्या. पूजेच्या ताटातली लिंबाची फोड उचलून त्यांनी पात्याच्या टोकाशी चोळली, धोतराच्या कडेने पुसली. बोटभर जागेतलं जौहर धुऊन गेलं, खाली सपाट करडं लोखंड.

"वकीलसाहेब, ही नदी तर लिंबाने आटली हो!" ते म्हणाले.

बैठक खदखदून हसली. वकीलसाहेब पातं जवळ नेत होते, लांब नेत होते, जवळ नेत होते. शेवटी त्यांनी दाराकडे तोंड केलं. "शिलेदार, तुला ठाऊक होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना साहेब, रंगवलेलं आहे म्हणून? कळायला डोळे लागतात."

या वेळी सगळे माझ्या बोलण्याला हसले. मी नाही हसलो. मला हसायची गरज नव्हती.

इथे हे संपलं असतं तर मी हे कधीच लिहिलं नसतं. आजही ती हकीकत तिखटमीठ लावून सांगितली असती. पण चांदीच्या चौकटीत ती भिंगं तशीच होती. मी मनाशी म्हणत होतो, आता बदलून देऊ. आगपेटी रोज खिशात असायची. बोट लागलं की आतली भिंगं खुळखुळायची. तो आवाज ऐकायला मला आवडायचं.

ते पेशकब्ज कुठल्या नाटकासाठी होतं, हे शिकलगाराने मात्र ओळखलं. पुढच्या खेपेला धार लावायला दिलेल्या माझ्या सुऱ्या त्याने तशाच बोथट परत केल्या. "वक्त नहीं है साब," म्हणाला, आणि रिकाम्या सहाणेपाशी बसून राहिला.

दिवाळी झाल्यावर मी सहीसाठी कागद घेऊन गेलो. काकू, म्हणजे वकीलसाहेबांची बायको, ओसरीवरच भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला.

"डोळ्यांनी पार दगा दिला हो ह्यांच्या. पंचांग दिसत नाही, पानातलं मीठ दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे पण पिकायला अवकाश आहे. नवमीला तसं झालं तेव्हापासून मात्र ह्यांनी हाय खाल्ली. म्हणतात, पिकला. आमच्या व्याह्यांकडे माळशिरसला एक माणूस येतो, सुईने बिंदू खाली पाडतो. परवा बोलावलाय."

मी खिशात हात घातला. आगपेटी होती. दोन वाक्यांचं काम होतं. काकू, भिंगं चुकीची बसली आहेत, ही बसवून देतो. चुकीची बसवली असं म्हणायचीही गरज नव्हती. चुकून बसली म्हणता आलं असतं.

आतून आवाज आला. "कोण, शिलेदार का? ये रे. जरा हे वाचून दाखव मला."

आत गेलो. त्यांनी माझ्यापुढे एक पत्र धरलं होतं, उलटं. मी ते सुलटं केलं आणि वाचलं. ते मान कलती करून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "उद्याही येशील का रे, वाचायला?" त्या आवाजात विनवणी होती. ज्या माणसाने मला भर बैठकीत माझ्याच बापाच्या कट्यारीवर हसायला लावलं, तो माझी विनवणी करत होता. ती मला आणखी एक दिवस ऐकायची होती. फक्त एक दिवस. मी ठरवलं, उद्या सांगू.

"येतो की," मी म्हटलं.

माळशिरसचा माणूस एक दिवस आधी आला. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि काकू चुलीवर पाणी तापवत होत्या. तो ठरल्या दिवशी आला असता तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. बोललो असतो की नाही, देव जाणे. आणखी एक दिवस मागून घेतला असता, असंच आज मला वाटतं.

पंधरा दिवसांत उजवा डोळा पू होऊन गेला. मग त्याच्या मागोमाग डावाही उतरत गेला. उन्हाळ्यापर्यंत त्यांना उजेड-अंधार एवढंच कळू लागलं.

आई त्यांना बघून आली. पदराने तोंड पुसत बसली. मग म्हणाली, "त्यास्नी चष्मा तूच करून दिलता न्हवं?"

"हो."

"मग कसा दिसतोय, इचारलं न्हाईस व्हय कदी?"

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने पुढे एक शब्द विचारला नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत तिने कट्यारीला हात लावला नाही. नवमी आली की म्हणायची, "तू मांड. मी न्हाय."

मी त्यांच्याकडे वाचायला जात राहिलो. वर्तमानपत्र, पत्रं, कधी पोथी. सहा वर्षं गेलो. काही लोक म्हणाले, गुरूची सेवा करतोय. मी त्यांना अडवलं नाही. शेवटच्या वर्षी ते एकदा म्हणाले, "तुझ्या वडिलांची कट्यार घेऊन ये."

मी नेली. त्यांनी ती मांडीवर घेतली. पात्यावर वाफ सोडली, सवयीने, आणि मग स्वतःशीच हसले. अंगठा मुठीवरून फिरवत खोकेपर्यंत आणला.

"ही खरी होती," ते म्हणाले. "मी तुला खोटं सांगितलं. भारी हाव सुटली होती मला तिची. डोळे गेले तेव्हाच समजलो, हे त्याचं प्रायश्चित्त. बोलायला धीर होत नव्हता. मला क्षमा कर, शिलेदार."

पहिल्यांदाच त्या शब्दात मेख नव्हती.

बोलायची वेळ असेल तर ती होती. माझ्या तोंडातून निघालं, "जाऊ द्या, साहेब. माझ्या मनात काही नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि रडले. दाराशी काकू उभ्या होत्या. "मोठं मन हो तुमचं," त्या म्हणाल्या. मी त्यांना क्षमा केली! मी. भिंगं, पेशकब्ज, तो एक दिवस, हे सगळं वाईटच. पण सगळ्यांत नीच काम मी कोणतं केलं असेल तर ती क्षमा.

ते गेल्यावर तेराव्याला काकूंनी चांदीच्या काड्यांचा चष्मा माझ्या हातात दिला. "म्हणाले होते, हा शिलेदाराला द्या. भिंगं त्यानेच बसवली आहेत."

गेल्या साली माझीही जवळची नजर उतरली. धागा हातात घेऊन मी पेटीतली सगळी भिंगं लावून पाहिली. शेवटी, लावायचं नाही लावायचं नाही म्हणत, तो चष्मा लावला. धाग्याचे पीळ स्वच्छ मोजता आले. साठीच्या माणसाला जी भिंगं निकामी होती ती माझ्या वयाला बरोबर बसली. हे लिहिताना तोच नाकावर आहे.

आईनंतरही खंडेनवमीचा पाट मीच मांडतो. एका कडेला कट्यार ठेवतो आणि मधोमध तो चष्मा. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, चष्मा कशाला पाटावर?"

"कारकुनाचं हत्यार आहे," मी म्हटलं.

तिला ते पटलं. शेजारचे मास्तर दौत-टाक पुजतात, सुतार करवत पुजतो. आता ती स्वतःच चष्म्याच्या काडीला हळदीचं बोट लावते, भिंगांना लागू नये म्हणून जपून. कट्यारीला आम्ही नुसतं फूल वाहतो. माझ्या माहितीत त्या कट्यारीने कधी कुणाला ओरखडाही काढलेला नाही.

"वाका की आता," बायको म्हणते. मी वाकतो.